शिळेवरचे बैल

मी मेलेल्या अक्षरांवर पोट भरतो. तेही धड भरत नाही, कारण नांदेडच्या ज्या महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो तिथं मी तासिका तत्त्वावर आहे. तास चालू असेपर्यंत मी प्राध्यापक, घंटा वाजली की रस्त्यावरचा माणूस. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाकीचे आराम करतात आणि मी बेकार असतो. अकरा वर्षं हे असंच चाललं आहे. दर वर्षी नव्यानं अर्ज करायचा, नव्यानं मुलाखत द्यायची, आणि जे लोक रोज आपल्यासोबत चहा पितात त्यांनाच समोरच्या खुर्चीवर बसून आपलं नाव सांगायचं.

माझा खरा विषय लिप्या. ब्राह्मी, आणि तिच्यापासून निघालेल्या सगळ्या. अभ्यासक्रमात याला एकच प्रकरण आहे, पण त्या प्रकरणाचे तास मी अंगात आल्यासारखे घेतो. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका सम्राटानं आपलं म्हणणं डोंगरांवर आणि खांबांवर कोरून घेतलं. त्या अक्षरांपासून निम्म्या आशियाची लिखावट निघाली. ती अक्षरं पश्चिमेकडून आली की इथल्याच मातीत घडली, यावर विद्वान अजून भांडतात, भांडोत बिचारे. पसरली कशी, ते मात्र बऱ्यापैकी कळतं. भिक्खूंच्या झोळीतून गेली, व्यापाऱ्यांच्या गोण्यांसोबत गेली, गलबतात बसून समुद्रापार गेली. उत्तरेत बोरू आणि शाई होती, तिथं अक्षरांना टोकं आली, मग डोक्यावर रेघ आली आणि नागरी झाली. दक्षिणेत ताडाच्या पानावर लोखंडी टोकानं कोरायचे. सरळ आडवी रेघ ओढली की पान चिरायचं, म्हणून तिकडची अक्षरं गोलसर झाली असं सांगतात. कन्नड आणि तेलुगू तर काही शतकांपूर्वीपर्यंत एकच लिपी होती. सिंहली, तिबेटी, थाई, ख्मेर, ब्रह्मदेशातली, सगळी याच घरातली लेकरं.

लेकरं जगभर झाली आणि आईला ओळखणारं कुणी उरलं नाही. हजारभर वर्षं लोक त्या खांबांच्या सावलीत बसून भाकरी खात होते, आणि वर काय लिहिलंय हे कुणालाच माहीत नव्हतं. बादशहांनी पंडित बोलावले, पंडितांनी तोंडाला येईल ते सांगितलं. शेवटी टांकसाळीत काम करणाऱ्या एका परदेशी अधिकाऱ्यानं ते कोडं सोडवलं. एका स्तूपाच्या कठड्यावर बारक्या बारक्या ओळी होत्या आणि जवळजवळ प्रत्येक ओळीचा शेवट सारखाच होता. त्यानं ओळखलं की हा शब्द 'दान' असणार. म्हणजे त्या देणगीदारांच्या पाट्या होत्या. तेव्हाही देणाऱ्याला आपलं नाव दगडावर हवंच होतं, असं मी वर्गात म्हटलं की पोरं हसतात. मीही हसायचो.

आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला. गेल्या काही वर्षांत आमच्या लोकांना या लिपीची मोठी हौस आली आहे. पोरं तिला धम्मलिपी म्हणतात, लग्नपत्रिकेवर छापतात, मनगटावर गोंदून घेतात, मोटारसायकलवर रंगवतात. मला याचा अभिमान वाटतो आणि रागही येतो, कारण छापणाऱ्याला ते वाचता येत नाही आणि छापून घेणाऱ्यालाही येत नाही. म्हणून मी विष्णुपुरीला, आमच्या वस्तीतल्या विहारात, रविवारी सकाळी फुकट वर्ग सुरू केला. पहिल्या रविवारी कॉलेजची दहा-बारा पोरं आली आणि आमची माय आली. माय शिकायला नव्हती आली, सतरंजी अंथरायला आली होती.

माय म्हणजे माझी आई. वडील धरणावर चौकीदार होते, ते गेल्यापासून ती माझ्याकडंच असते. तेव्हा पासष्टी ओलांडलेली. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नाही. गावात साक्षरतेचा वर्ग निघाला होता तेव्हा बाकीच्या बायांसोबत तीही पाटी घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी शिकवणारा म्हणाला, मावशी, खुरपं धरल्यावानी पेन्सिल धरू नका. सगळ्या बाया हसल्या. माय उठली ती परत गेली नाही. बाकीच्या शिकल्या, निदान सही करण्यापुरत्या, आणि पुढची कित्येक वर्षं पंचायतीत कुठला कागद आला की मायकडं बघून हसत राहिल्या. नागरी अक्षरं तिच्या लेखी तलाठ्याची, कोर्टाची आणि त्या बायांची. ती समोर आली की माय पदर सावरून दुसरीकडं बघायची.

तिसऱ्या रविवारी मी फळ्यावर 'म' काढला. खाली गोल, वर दोन टोकं. मागं भिंतीला टेकून बसलेली माय म्हणाली, "हे बैलाचं तोंड हाय की."

पोरं हसली. मी हसलो नाही, कारण ते खरंच बैलाचं तोंड होतं आणि इतकी वर्षं शिकवून मला ते दिसलं नव्हतं. मग तिला थांबवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. 'ग' म्हणजे खोप, दोन बाजूंनी उतरलेलं छप्पर. 'ठ' म्हणजे भाकरी. 'थ' म्हणजे वरून पाहिलेलं जातं, मधोमध भोक. 'र' म्हणजे काठी. 'ब' म्हणजे ओटा. तिच्या घरातलं आणि शेतातलं सामान त्या सम्राटानं दगडावर मांडून ठेवलं होतं आणि ती एक एक उचलून ओळखत होती. चार महिन्यांत ती मात्रांसकट वाचू लागली. वर्गातली निम्मी पोरं तोपर्यंत गळाली होती.

तिचं माहेर निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकात. ती कानडी फाडफाड बोलते. एकदा मी तिला तीन 'क' शेजारी शेजारी काढून दाखवले, जुना, नागरी आणि कन्नड, आणि एकाचा दुसरा कसा होत गेला तेही मधल्या पायऱ्यांनिशी काढलं. ती बराच वेळ बघत बसली.

"म्हंजे ह्या जावा न्हाईत," ती म्हणाली. "सख्ख्या बहिणी हायेत. येगयेगळ्या गावाला दिल्या, म्हणून वळखू येईनात."

हे वाक्य मी आता दर वर्षी वर्गात वापरतो. माझंच असल्यासारखं वापरतो.

माय वाचायला शिकली, पण वाचायचं काय? जगात त्या लिपीत आता काही लिहिलं जात नाही. मी तिला एक वही करून दिली. तिच्यात रोज दोन ओळी लिहायचो, आपलीच मराठी, अक्षरं तेवढी जुनी. आज वांगी स्वस्त होती. धरणाचे दरवाजे उघडले. सूनबाईला ताप आहे. ती बोट ठेवून मोठ्यानं वाचायची आणि शेवटी, "हाव, लई ताप हाय," असं उत्तरही द्यायची. लिहिणारा मी एकटा, वाचणारी ती एकटी. बसस्टँडवर मात्र अजून लोकांनाच विचारायची, ही लातूरला जाती का. एवढी शिकले पर गाडीची पाटी काय वाचता येईना, म्हणून स्वतःच हसायची.

एक गोष्ट मात्र तिनं त्या लिपीच्या जोरावर मिळवली. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो, वडिलांच्या निवृत्तिवेतनासाठी. इतकी वर्षं ती अंगठा द्यायची. त्या वर्षी तिनं पेन मागितलं आणि आपलं नाव काढलं. तीन अक्षरांचं नाव, त्यात एक बैलाचं तोंड. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, आजी, ही काय नक्षी काढली, अंगठा द्या.

"नक्षी न्हाई, नाव हाय," माय म्हणाली.

मी पुढं झालो. सही कोणत्याही लिपीत करता येते, हवं तर साहेबांना विचारा, असं जरा चढ्या आवाजातच म्हणालो. साहेबांना विचारलं, फॉर्म बदलला, नमुन्याच्या सह्या घेतल्या. माय एक एक अक्षर असं काढत होती की मागची रांग दारापर्यंत गेली आणि कुणी काही बोललं नाही. बाहेर आल्यावर तिनं आपला कोरा अंगठा मला दाखवला. त्या दिवशी मला माझ्या विषयाची लाज वाटली नाही. असे दिवस माझ्या नोकरीत फार नाहीत.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात गावाकडच्या विहाराचं बांधकाम निघालं. आमचं गाव निलंग्याजवळ. समितीचा प्रमुख माझा चुलतभाऊ, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. त्याचा फोन आला की दर्शनी भिंतीत त्रिसरणाची, म्हणजे 'बुद्धं सरणं गच्छामि'ची, शिळा बसवायची आहे, धम्मलिपीत, आणि मजकूर मी काढून द्यायचा. मी म्हणालो, खाली बारीक अक्षरात नागरीतही असू दे. समितीतल्या तरुणांना ते पटलं नाही. शुद्ध पाहिजे, म्हणाले, नागरीचा एक ठिपका नको. देणगीदारांची पाटी मात्र वेगळी, नागरीत, आणि तिचा मजकूर तीन वेळा तपासून घेतला गेला.

हे मायला कळलं आणि तिचं चालणंच बदललं. घराबाहेर, दगडावर, सगळ्या गावासमोर असं काहीतरी लागणार होतं जे तिला वाचता येत होतं आणि त्या साक्षर बायांना येत नव्हतं. तिनं चुलतभावाला फोन लावायला लावला.

"पडदा काढला की पैलं म्या वाचणार," ती त्याला म्हणाली. "बोट ठिवून वाचणार. तुझ्या गावातल्या बायाला सांगून ठिव."

तो म्हणाला, वाचा की मोठी माय, तुमचाच मान. तिनं स्वतःही दोघी-तिघींना फोन करून सांगितलं. त्रिसरण तिला लहानपणापासून पाठ होतं, पण ती वही घेऊन ते रोज वाचायची. पाठ म्हणणं येगळं, वाचणं येगळं, असं मलाच ऐकवायची.

मजकूर मी मापात कागदावर काढला आणि लातूरला कारागिराकडं घेऊन गेलो. वयस्कर मुसलमान माणूस, बाप-आजापासून कबरींचे आणि पुतळ्यांच्या चौथऱ्यांचे दगड कोरणारं घर. त्यानं कागद उजेडात धरून पाहिला. "सर, ह्यातलं मला काय बी कळत न्हाई, पर रेघेला रेघ देतो," म्हणाला. "फक्त वरची बाजू कोणती तेवढं सांगा." समितीनं चारी बाजूंनी सारखीच वेलबुट्टी सांगितली होती, त्यामुळं शिळेकडं बघून काही ओळखू येणार नव्हतं. मी दाखवली, त्यानं शिळेच्या पाठीवर निळ्या खडूनं बाण काढला. त्या सगळ्या कामात नेमका प्रश्न विचारणारा तो एकच माणूस होता.

आता माझं पाप सांगतो. आमच्या संस्थेत बऱ्याच वर्षांनी इतिहासाची एक कायमची जागा निघाली होती. संस्थेचे अध्यक्ष मुलाखतीला बसणार होते. मी त्यांच्या घरी गेलो आणि आमच्या गावच्या शिळेचं अनावरण आपल्या हातून व्हावं अशी विनंती केली. ते लगेच हो म्हणाले, अशा कामाची त्यांना आवड आहे. मायच्या वाचनाचं काय, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. कार्यक्रमपत्रिका छापून आली तेव्हा पाहिलं: अनावरण, सामुदायिक त्रिसरण, सत्कार, भाषण, भोजन. मायचं नाव कुठं नव्हतं. मी तिला सांगितलं नाही. पत्रिका नागरीत होती, तिला कळायचं कारण नव्हतं.

अध्यक्षसाहेबांच्याच गाडीतून गेलो. ते पुढं, मी आणि माय मागं. लातूर मागं पडलं तशी माय मांडीवर बोटानं अक्षरं गिरवू लागली. साहेब रस्ताभर पोस्टबद्दल एक शब्द बोलले नाहीत, पण मला दोनदा 'तज्ज्ञ' म्हणाले, आणि मी त्या दोन वेळा मोजून ठेवल्या.

विहारासमोर मांडव, भरपूर गर्दी. साहेबांनी दोरी ओढली. पडदा सरकला.

शिळा उलटी होती. डोकं खाली, पाय वर. टेम्पोत वाळूच्या गोण्यांवर घासून तो खडूचा बाण पुसला गेला असणार. गवंड्यानं आदल्या दिवशी ती भिंतीत बसवली, भोवती सिमेंट भरलं. चुलतभाऊ स्वतः उभा होता, त्यानं ओळंबा लावून पाहिला होता आणि शिळा अगदी सरळ होती. सगळी समिती समोर उभी राहून बघत होती, आणि त्या शुद्ध लिपीतलं डोकं कुठलं आणि पाय कुठले, हे त्यांच्यातल्या एकालाही सांगता येत नव्हतं.

टाळ्या झाल्या. साहेबांनी शिळेवर हात ठेवून फोटो काढून घेतला. मग सगळ्या गावानं उभं राहून हात जोडले आणि त्रिसरण म्हटलं, एका सुरात, एक शब्द न चुकता. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. पाठ असल्यावर शिळेकडं बघायची गरज कुणाला आहे? मीही म्हणत होतो. मायचा आवाज तेवढा ऐकू येत नव्हता.

म्हणणं संपलं तशी ती फुलं घेऊन पुढं गेली. तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, थोडं सरकवलं, थांबली. परत सुरुवातीला नेलं. मग मान वाकडी करून बघितलं.

"हे बैल उलटे कामून हायेत?" ती म्हणाली.

बायांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, म्हातारीला दगडात बैल दिसायलेत. हसणं पसरत गेलं. ते हसणं मायनं एकदा ऐकलेलं होतं.

"शिंगं खाली हायेत बगा समद्याची," ती जरा मोठ्यानं म्हणाली. "खोपी बी पालथ्या पडल्यात. दगड उलटा बसवलाव तुम्ही."

चुलतभाऊ लगबगीनं पुढं आला. "मोठी माय, लिपीच तशी असती ती. लई जुनी हाय. चला, खाली बसा."

"म्या शिकले हाय रं. ह्यालाच इचारा." तिनं माझ्याकडं हात केला. तिच्या चेहऱ्यावर जराही काळजी नव्हती. बँकेच्या खिडकीपाशी जशी निवांत उभी होती तशीच उभी होती.

साहेब हसत माझ्याकडं वळले. "सांगा सर. तुमचा विषय. बरोबर आहे ना सगळं?"

त्यांचा फोटो निघाला होता. त्यांच्या गळ्यात हार होता. पंधरा दिवसांनी मुलाखत होती. हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं असं मी म्हटलं तर ते खोटं होईल, कारण विचार करायला मला वेळच लागला नाही. तोंडातून आपोआप निघालं.

"बरोबर आहे साहेब. माय आत्ता आत्ता शिकायली, तिचा गोंधळ होतो."

तिनं रागानं बघितलं असतं, चारचौघांत शिवी दिली असती, तर मी कसंतरी निभावून नेलं असतं. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. ती परत शिळेकडं वळली आणि एक एक अक्षर तपासू लागली, आपलंच कुठं चुकलं ते शोधत. कुणीतरी तिला दंडाला धरून खाली आणलं. जेवताना एक बाई तिला म्हणाली, या वयात कशाला डोक्याला ताण. माय हाव म्हणाली. परतीच्या वाटेवर साहेब म्हणाले, मातोश्रींचा उत्साह वाखाणण्यासारखा आहे. मी धन्यवाद म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी तिला सांगितलं, माय, शिळा उलटीच होती. तुझं बरोबर होतं.

तिनं बशी खाली ठेवली. "तुला तिथं ठावं होतं?"

"होतं."

"मग आता मला एकटीला सांगून काय उपेग? त्या बायाला सांग."

मी नोकरीचं बोललो. जागा, मुलाखत, इतकी वर्षं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. बशी धुवून पालथी घातली. वही तिनं कपाटात ठेवली आणि पुढच्या रविवारी विहारात सतरंजी अंथरायला एक पोरगा आला.

मी चुलतभावाला फोन केला, हे तरी केलं. तो म्हणाला, "दादा, राहू द्या आता. चारी अंगानं सिमेंट भरलंय, काढायला गेलं तर दगड फुटंल. आन वाचायला कोण येऊन राहिलंय? त्रिसरण तर समद्यालाच पाठ हाय." त्याचं म्हणणं व्यवहाराला धरूनच होतं. पुढच्या रंगकामाच्या वेळी बघू, असंही म्हणाला. त्यानंतर रंगकाम होऊन गेलं. शिळेतली अक्षरं सोनेरी रंगानं भरली आहेत, लांबून उठून दिसतात.

ती जागा भरली. मला मिळाली नाही. साहेब म्हणाले, वरूनच ठरलं होतं, पुढच्या वेळी नक्की बघू. त्यांच्या कार्यालयात तो फोटो चौकटीत लावला आहे. त्यात साहेब सरळ आहेत, शिळा उलटी आहे, आणि कडेला मी हात जोडून उभा आहे. त्यांच्याकडं कुणी पाहुणा आला की मला बोलावून ओळख करून देतात, हे आमचे लिपीतज्ज्ञ. मी हात जोडतो.

लिपी कशी मरते, यावर मी पूर्वी वर्गात तासभर बोलायचो. राज्यं बदलली, मठ ओस पडले, अक्षरं बदलत बदलत इतकी लांब गेली की नातवाला आजी ओळखू येईना. पुस्तकात आहे तेच. अजूनही तेच बोलतो, परीक्षेला तेच येतं. पण मला आता ते पटत नाही. मला वाटतं, कुठल्यातरी गावात एखाद्या खांबापाशी वाचता येणारे शेवटचे दोघंच उरले असतील. त्यातल्या एकानं खरं सांगितलं असेल, आणि दुसऱ्याला विचारल्यावर त्यानं समोर बसलेल्या मोठ्या माणसाच्या तोंडाकडं बघून मान हलवली असेल. तो दुसरा माझ्यासारखा शिकलेला असणार, याबद्दल मला शंका नाही. त्याच्यावर कुठं चार ओळी लिहून ठेवल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या वाचणार कोण होतं?

त्याच वर्षीचा नोव्हेंबर आला. मायला घेऊन बँकेत गेलो. खिडकीत त्याच बाई होत्या आणि त्यांनी तिला ओळखलं. मागच्या वर्षीची रांग त्यांच्या लक्षात असणार. कौतुकानं पेन पुढं केलं.

"घ्या आजी. काढा तुमचं नाव."

माय पेनाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मला येत न्हाई बाई. शाईचा डबा द्या."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी हळूच म्हणालो, माय, येतं की तुला, काढ ना. एवढं एकदा काढ.

"न्हाई येत," ती म्हणाली. "माझा गोंधळ होतो."

मागं लोक उभे होते. बाई म्हणाल्या, सहीचा नमुना आहे, आता परत अंगठा म्हणजे परत फॉर्म. त्यांनी खणातून फॉर्म काढला, शाईचा डबा उघडून ठेवला. मायनं अंगठा बुडवला आणि दाखवलेल्या चौकोनात नीट दाबला. इतक्या वर्षांची सवय, जराही फासला नाही.

अंगठ्याखाली साक्षीदाराची सही लागते. बाईंनी कागद माझ्याकडं सरकवला. तिथं छापलेलं होतं, की सदर खातेदारास मी व्यक्तिशः ओळखतो, त्यांना लिहिता-वाचता येत नाही, व हा अंगठा त्यांनी माझ्यासमोर दिला आहे. माय शेजारी उभी राहून पदराच्या टोकाला अंगठा पुसत होती.

मी सही केली.